खाडीतील कार्तिकाची मासेमारी

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. तेथील वाचकास साठलेल्या पाण्याची ओळख होते ती वर्तूरसारख्या तलावांवरून. तलावाचे पाणी पावसाळ्यात वाढते व उन्हाळ्यात आटते. परंतु एका दिवसात त्याची पातळी चढली वा उतरली असे सहसा दिसत नाही. वर्तूर तलावातून निघालेले पाणी दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते आणि ती नदी तमिळनाडूतून वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. नदी व समुद्र ह्यांची अशी भेट जेथे होते, तेथे पाण्याचे हे स्थैर्य संपते. तेथील पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. ते कधी गोडे असते, कधी मचूळ, तर कधी पूर्ण खारे. अशा पाण्यात मासे कसे राहतात, आणि पावसाळा संपल्यावर कार्तिक महिन्याच्या सुमारास माणूस ते कसे पकडतो, ह्याचा विचार ह्या पाठात केला आहे. त्यासाठी कोकण व गोवे येथील खाड्यांचे उदाहरण घेतले आहे.

खाडी म्हणजे काय?

सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या लांबीने लहान आहेत. त्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी जमिनीत दूरवर शिरते. त्या भागास खाडी असे म्हणतात. वसई, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, कर्ली, तेरेखोल ही अशा खाड्यांची काही नावे होत. गोव्यात मांडवी व जुवारी ह्या नद्यांची मुखे ह्याच प्रकारची आहेत.

खाडीच्या दोन्ही काठांस चिखलाची सपाट जमीन असते. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते व ओहोटीच्या वेळी उघडी पडते. तिच्यावर तिवर, कांदळ, चिपी इत्यादी खारफुटीची झाडे वाढतात. त्यांची गळलेली पाने चिखलात पडून कुजतात. त्या चुऱ्यावर सूक्ष्म जीव, कृमी व लहान खेकडे पोसले जातात, आणि त्यांच्यावर कोळंबी व मासे पोसले जातात. झाडांच्या मुळांच्या जाळीत लहान पिलांना मोठ्या माशांपासून आसराही मिळतो. अन्न आणि आसरा ह्या दोन गोष्टी एकत्र असल्यामुळे खाडीचा काठ हा माशांच्या पिलांचे पाळणाघर ठरतो.

शरदाच्या अखेरीस होणारा बदल

कोकणच्या बहुतेक भागांत वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. ह्या काळात नद्यांना पूर येतात, खाडीचे पाणी गढूळ होते आणि तिच्या वरच्या भागातील पाणी अगदी गोडे बनते. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे परतले म्हणजे नद्यांचा जोर ओसरतो, गाळ तळाशी बसू लागतो आणि समुद्राचे पाणी पुन्हा आत सरकू लागते.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड असते. नदीचे हलके पाणी वरून समुद्राकडे वाहत असताना समुद्राचे जड पाणी पाचरीसारखे तळाने आत शिरते. म्हणून खाडीतील होडीवरून ओंजळभर पाणी चाखले असता ते मचूळ लागते, तरी त्याच ठिकाणी तळाशी बरेच खारे पाणी असू शकते. जेथे भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो तेथे हे दोन थर घुसळून एक होतात. कार्तिक-मार्गशीर्षात ही क्षारतेची सीमा आठवड्या-आठवड्याने नदीच्या वरच्या अंगास सरकत जाते आणि तिच्यामागोमाग समुद्राकडील मासे वर येतात.

ह्या नियमास एक बोधप्रद अपवाद आहे. कोयना प्रकल्पाचे पाणी वीज निर्माण केल्यानंतर सह्याद्रीच्या पश्चिमेस वशिष्ठी नदीत सोडले जाते. १९६२ पासून त्या नदीस पावसाळ्याव्यतिरिक्तही गोड्या पाण्याचा पुरवठा होत आहे. तेव्हा वशिष्ठी ज्या दाभोळ खाडीस मिळते, तिच्या वरच्या भागातील क्षारतेचा क्रम शेजारच्या खाड्यांसारखा असत नाही. माणसाने नदीच्या पाण्यात केलेला फेरफार खाडीपर्यंत कसा पोहोचतो, ह्याचे हे उदाहरण होय.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींशी तुलना केली असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथे शरद ऋतूच्या शेवटी थंडी पडू लागते. पाणी गार होताच कोळंबी व बोय जातीचे मासे दलदलीतून समुद्राकडे निघतात आणि रेड ड्रम नावाचा शिकारी मासा लहान ओहोळांच्या तोंडाशी त्यांची वाट पाहत थांबतो. कोकणात पाणी इतके गार होत नाही. तेथे ऋतुबदलाची सूचना थंडीपेक्षा मुख्यतः मिठाकडून मिळते. ओहोळाच्या तोंडाशी दबा धरण्याची शिकारी माशाची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

मासा हा बदल कसा सोसतो?

माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यातील प्रमाणाच्या साधारण एकतृतीयांश असते. खाऱ्या पाण्यात असताना माशाच्या शरीरातील पाणी बाहेर झिरपत राहते. ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात ह्याच्या उलट घडते. तेथे पाणी आपोआप शरीरात शिरते. म्हणून तेथील मासा पाणी जवळजवळ पीत नाही, पुष्कळ पातळ मूत्र बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी पाण्यातील क्षार शोषून घेतो. बहुतेक माशांना ह्यांपैकी एकच पद्धत साधते. खाडीतील माशांना दोन्ही साधतात, आणि एकीवरून दुसरीवर येण्यास त्यांना फार वेळ लागत नाही. दिवसातून चार वेळा बदलणाऱ्या पाण्यात ते टिकून राहतात ते ह्याच सामर्थ्यामुळे.

खाडीतील रहिवासी व पाहुणे

निवटी हा चिखलावर सरपटणारा लहान मासा खाडीचा कायमचा रहिवासी होय. काळुंद्र हा चपटा मासाही आपले सर्व आयुष्य मचूळ पाण्यात काढू शकतो. परंतु बाजारात ज्यांस मोल आहे असे खाडीतील पुष्कळसे प्राणी हे तेथील पाहुणे असतात.

कोळंबीचे उदाहरण घ्यावे. बाजारातील मोठ्या कोळंबीच्या पुष्कळ जातींची मादी समुद्रात अंडी घालते. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येतात. खाडीत शिरताना ही पिले भरतीच्या वेळी पाण्याच्या वरच्या थरात येतात व ओहोटीच्या वेळी तळाशी बसतात. अशा रीतीने स्वतः फारसे न पोहता ती प्रत्येक भरतीबरोबर आत आत जातात. खाडीत काही महिने वाढल्यावर ती पुन्हा समुद्राकडे निघतात. बोय, ज्यास गोव्यात शेवटो म्हणतात, तोही अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. चिंबोरीची अंडी भरलेली मादीही खाडी सोडून समुद्राची वाट धरते.

जिताड्याचे आयुष्य तर ह्याहून विशेष आहे. रायगडकडे जिताडा, सिंधुदुर्ग व गोव्याकडे चोणक आणि बंगालमध्ये भेटकी ह्या नावांनी ओळखला जाणारा हा मासा प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी, आकाराने मोठा झाल्यावर, त्याची मादी बनते. मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात त्याची पैदास होते व पिले खाडीतून वर, गोड्या पाण्यापर्यंत जातात. रायगड जिल्ह्याच्या खारेपाट भागात भातशेतीलगतच्या तळ्यांत जिताडे वाढविण्याची जुनी रीत आहे. ह्या माशाच्या बाबतीत फक्त मोठेच मासे पकडले तर माद्या नाहीशा होतात, आणि फक्त लहानच पकडले तर मादी होण्याइतके वय कोणासच लाभत नाही.

भरती-ओहोटीचे गणित

तलावात मासेमारी करणारा सोयीची वेळ निवडू शकतो. खाडीत वेळ ठरवितो तो चंद्र. एका भरतीपासून पुढील भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात आणि भरती मोठी होते. तीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तीस भांगाची भरती म्हणतात.

मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत प्रचारात आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते. कार्तिक शुद्ध एकादशी घेतली तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ होते. म्हणजे त्या दिवशी सकाळी व रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती आणि दोन्ही वेळा अडीचच्या आसपास पूर्ण ओहोटी असेल. ही रीत ढोबळ आहे. खाडीच्या आतल्या भागात भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पाणी उतरण्याचा वेगही सारखा नसतो. ओहोटीच्या सहा तासांत उतरणाऱ्या एकूण पाण्याचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. पाण्याची पातळी चार मीटर उतरणार असेल, तर मधल्या दोनच तासांत ती दोन मीटर उतरते. प्रवाह सर्वांत जोरदार असतो तो ह्या वेळी, आणि अशक्त पिले त्याच वेळी प्रवाहाबरोबर वाहून जातात.

पाण्यानुसार जाळे

खाडीतील मासेमारीत माणूस माशाच्या मागे धावत नाही. तो योग्य जागी थांबतो आणि पाणी मासे घेऊन येते. निरनिराळी जाळी ही ह्या एकाच तत्त्वाची निरनिराळी रूपे आहेत.

डोल हे मोठ्या तोंडाचे व मागे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे जाळे आहे. ते खुंटांना वा दोरांना बांधून प्रवाहासमोर उभे करतात. प्रवाह चालू असेपर्यंत त्यात मासळी शिरत राहते. पाणी थांबले की जाळे उचलावे लागते. उत्तर कोकणात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार-पाच मीटरांपर्यंत जाते, तर गोव्यात ते दोन मीटरांच्या आसपास असते. म्हणूनच डोल जाळे पालघर, मुंबई व रायगड ह्या भागांत रुजले, आणि दक्षिणेकडे रापण व कांडाळ ह्यांचा वापर अधिक झाला. बोक्षी हे डोलीचेच लहान भावंड असून ते खाडीच्या आतील अरुंद प्रवाहांत लावतात.

पाग हे हाताने फेकावयाचे गोल जाळे होय. त्याच्या कडेस शिशाचे तुकडे ओवलेले असतात. पाण्यावर पसरून पडताच ते झपाट्याने बुडते व माशांना झाकून टाकते. गुडघाभर पाण्यात बोयींचा थवा दिसला तर ह्या जाळ्याइतके दुसरे सोयीचे साधन नाही. कार्तिकात पाणी निवळू लागल्यामुळे थवा दिसणे सोपे होते. मात्र माशासही माणूस दिसतो, म्हणून पागणारा आपली सावली पाण्यावर पडू देत नाही.

गरीची मासेमारी ओहोटीवर चालते. पाणी उतरू लागले की खारफुटीतील लहान ओहोळांतून कोळंबी व पिले मुख्य प्रवाहात येतात. जिताडा व तांबोशी हे शिकारी मासे त्या तोंडाशी दबा धरून असतात. तेथे जिवंत कोळंबी लावलेली गरी सोडणे हा अनुभवी माणसाचा मार्ग आहे. पूर्ण ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात व खडकांवर स्त्रिया तिसऱ्या व कालवे गोळा करतात. मासळीच्या उत्पन्नाचा हा भागही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

भात आणि मासळी

गोव्यात खाजण जमिनीत ह्या सर्व ज्ञानाचा मोठा मेळ घातलेला दिसतो. खाडीकाठची सखल जमीन बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेली असते. बांधात ठिकठिकाणी मानस नावाची दारे असतात. भरती येऊ लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ते उघडते. पावसाळ्यात आत कोरगुटसारखे क्षार सोसणारे भात पिकते. ऑक्टोबरमध्ये कापणी झाली की कित्येक खाजणांत खाडीचे पाणी नियंत्रित रीतीने आत घेतात. त्याबरोबर कोळंबीची व माशांची पिले आत येतात, तेथे वाढतात, आणि पुढे उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर निघताना मानसाच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. कर्नाटकात अघनाशिनीच्या काठी असलेल्या गजनी जमिनी आणि केरळातील पोक्कळी शेते ह्यांतही असाच क्रम आढळतो. रायगडच्या खारभूमीतील बांधांना अशाच कामासाठी उघाड्या ठेवलेल्या असतात.

ह्या व्यवस्थेत एक जुना पेच आहे. मानसावरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. मासेमारी करणाऱ्यास दार अधिक काळ उघडे हवे असते, कारण जितके पाणी आत येईल तितकी मासळी अधिक. शेतकऱ्यास ते वेळेवर मिटलेले हवे असते, कारण जमिनीत मुरलेले मीठ पुढील पावसात धुऊन न गेल्यास भात येत नाही. दार फार वेळ उघडे राहिले तर पाण्याच्या मोठ्या जोराने बांधासही धोका पोहोचतो, आणि बांधास एकदा खांड पडली की भात व मासळी ह्या दोहोंचेही नुकसान होते. म्हणून दार केव्हा उघडावे व केव्हा मिटावे हा प्रश्न एकट्या लिलाव घेणाऱ्याचा नसून सर्व गावाचा असतो. पूर्वी गावकऱ्यांच्या संस्था त्याची देखरेख करीत; जेथे अशी देखरेख सैल झाली तेथे चांगली जमीन खारावून पडीक राहिली आहे.

राखणीचा हिशेब

कार्तिकात खाडीत पिले पुष्कळ असतात, म्हणून बारीक आसाच्या जाळ्यात ती सहज मिळतात. ती पकडण्यात खरा लाभ किती? समजा, कोळंबीचे पिलू अर्ध्या ग्रॅमचे आहे. अशी २,००० पिले पकडली तर एक किलोग्रॅम माल हाती येतो, आणि त्यास किंमतही थोडी. तीच पिले जाळ्यातून निसटली व त्यांपैकी तीनचतुर्थांश मेली असे धरले, तरी उरलेली ५०० पिले प्रत्येकी १० ग्रॅमची होताच ५ किलोग्रॅम कोळंबी मिळते. बारीक आसाचे जाळे म्हणजे एका किलोसाठी पाच किलोंवर सोडलेले पाणी होय. ज्याच्या घरी आज चूल पेटावयाची आहे त्यास मात्र पौषापर्यंत थांबणे कठीण असते. आणि एकाने थांबून दुसरा थांबला नाही तर थांबणाऱ्याचाच तोटा होतो. म्हणून असे नियम सर्वांनी मिळून पाळले तरच उपयोगी पडतात. महाराष्ट्र शासनाने १९८१ मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला, आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला.

जाळ्याइतकेच महत्त्व काठास आहे. खारफुटी तोडून भराव घातला तर पिलांचे अन्न व आसरा दोन्ही जातात, आणि त्यानंतर जाळे कितीही मोठ्या आसाचे असले तरी त्यात येण्यास मासळी उरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ मध्ये अंतिम निर्णयाने महाराष्ट्रातील खारफुटीस संरक्षण दिले. राज्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष २०१२ पासून काम करीत आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. तथापि खाडीत येणारे सांडपाणी व कारखान्यांची घाण ह्यांस अभयारण्याची सीमा अडवू शकत नाही. ती उगमाशीच अडवावी लागते.

खाडीतील कोळंबी समुद्रातून आलेली असते आणि वाढल्यावर तिला समुद्राकडे परत जावयाचे असते. तिच्या ह्या प्रवासात जाळ्याचा आस, बांधाचे दार आणि काठची झाडी ही तीन ठिकाणे माणसाच्या हाती आहेत. भरती आणि ओहोटी आपले काम चुकवीत नाहीत. ह्या तीन ठिकाणी वाट मोकळी राहिली, तर पुढील कार्तिकातही पाण्याबरोबर मासळी येईल.